एक मिनिट वीस सेकंद

एकदा एका तालुक्याच्या गावी एक कापडव्यापारी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले. त्यांचे नाव उल्हास बेंद्रे. नगरपालिकेच्या तलावावर एक वृद्ध वस्ताद होते, अर्ध्या गावाला त्यांनीच पाण्यात उतरवले होते. त्यांच्या हाताखाली उल्हासशेट असे तयार झाले, की पन्नास मीटरचे अंतर अठ्ठावन्न सेकंदांत कापू लागले. इतक्या उशिरा शिकलेल्या माणसाला ही वेळ भूषणावह होती. पण आपल्याला नुसते चांगले असून चैन पडत नाही, पहिले असावे लागते. शेटजी काही जगावेगळे नव्हते.

तलावावर दरवर्षी प्रौढ हौशी मंडळींची स्पर्धा होई. तिची रीत अशी, की प्रत्येकाने अर्जावर आपली नेहमीची वेळ स्वतःच लिहायची. जवळपास सारख्या वेळेच्या सहा जणांची एक तुकडी करायची, म्हणजे म्हाताऱ्याची गाठ पैलवानाशी पडत नाही. प्रत्येक तुकडीतल्या पहिल्याला पदक. लिहिलेली वेळ खरी की खोटी, हे कोणी तपासत नसे.

आदल्या वर्षी बाजारातला एक भांडीवाला वेगवान तुकडीत शेवटचा आला होता. महिनाभर लोक त्याला विचारत होते, "काय हो, पाणी घट्ट होतं का?" त्या हसण्यात उल्हासशेटही सामील होते. अर्ज भरताना नेमके तेच हसणे त्यांना आठवले, आणि अठ्ठावन्न सेकंदांच्या जागी त्यांनी लिहिले, एक मिनिट वीस सेकंद.

अगदी तेवढीच वेळ आणखी एकाने लिहिली होती. केरबा गुरव, एसटीचे निवृत्त चालक. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी सांगितले म्हणून ते दुपारच्या वेळी तलावावर येत. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक मिनिट एकतीस सेकंद लागत, आता एक मिनिट वीस. हात परत येतो आहे की नाही, हे कळायला त्यांच्यापाशी हे एकच माप होते.

स्पर्धेच्या दिवशी दोघे शेजारी-शेजारी उभे राहिले. व्हायचे तेच झाले. कर्णा गरजला, "उल्हास बेंद्रे पहिले! लिहिलेली वेळ एक मिनिट वीस, आजची अठ्ठावन्न सेकंद! एका दमात बावीस सेकंदांची प्रगती!" टाळ्यांचा कडकडाट झाला. केरबा दुसरे आले, एक मिनिट अठरा सेकंदांत. त्यांच्या आजारपणानंतरची ती सर्वांत चांगली वेळ होती, पण कर्णा फक्त पहिल्याचीच वेळ सांगत असे, म्हणून ती त्यांना कळलीच नाही. केरबांनी उजव्या हाताने शेटचा खांदा थोपटला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद हातात घड्याळ घेऊन काठावर उभे होते. म्हणाले, "उल्हासराव, पन्नास मीटर. बरोबर एक मिनिट वीस सेकंदांत या. आधी नको, नंतर नको."

शेट चक्रावले, पण उतरले. एक मिनिट दोन सेकंद. "पुन्हा." एक मिनिट नऊ. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला ते मध्येच थांबले, उताणे होऊन आभाळ न्याहाळले, आणि मग भिंतीला हात लावला. एक मिनिट वीस.

"यात काय शिकायचं, वस्ताद?" शेट वैतागले. "अर्ध्यात लोळलो, तेव्हा कुठं वीस झाले!"

वस्तादांनी घड्याळ बंद केले. "तुम्हाला जी वेळ यायला लोळावं लागलं, तिच्यासाठी केरबा दोन वर्षं झिजला. कागदावर मात्र तुम्ही दोघं सारखे. अर्जावर लिहिलेली वेळ आपल्या एकट्याची नसते, उल्हासराव. शेजारी कोण उभं राहणार, ते तीच ठरवते. पदकाचं मी बोलत नाही. तो ज्या पट्टीनं स्वतःला मोजत होता, ती तुम्ही वाकवलीत. आणि तुमची खरी वेळ ठाऊक असून मी तुमचा अर्ज वाचला नाही, हे माझं पाप."

 शेटना स्वतःची मनापासून लाज वाटली. पदक खिशात घालून ते तडक केरबांच्या घरी गेले. केरबा ओट्यावर बसले होते.

"आता न्हाई येनार मी तलावावर," शेटनी विषय काढण्याआधीच ते म्हणाले. "तुमी एका दमात बावीस सेकंद मारलं, शेट. मला दोन वर्सांत अकरा जमलं. तवाच उमगलं, ह्या हातात आता काय उरलं न्हाई. उगं पानी बडवत हुतो." त्यांच्या बोलण्यात असूया नव्हती, आणि त्यामुळेच ते ऐकवेना.

"मामा, ती वेळ खोटी होती," शेट म्हणाले. "मी आधीपासूनच अठ्ठावन्नचा आहे. मुद्दाम जास्त लिहिली. हे पदक तुमचं आहे."

 केरबा हसले. "मला बरं वाटावं म्हनून बोलताय न्हवं? मानूस चांगलं हाय तुमी."

"देवाशपथ, मामा! वस्तादांना विचारा."

"वस्तादबी तसंच म्हनतील. त्यांचा लई जीव हाय माज्यावर." आणि पदक शेटच्या मुठीत परत ठेवून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितले.

शेटनी मुलाबाळांच्या शपथा घेतल्या. केरबा समजूतदारपणे मान डोलवत राहिले. डावा हात मांडीवर तसाच पडून होता. चहा घेताना शेटना कळून चुकले, की आपण आता अक्षरन् अक्षर खरे बोलत आहोत, आणि हा भला माणूस ते कधीही खरे मानणार नाही.

अर्जावर स्वतःविषयी लिहिताना, आपल्या खालच्या ओळीत कोणाचे नाव येणार आहे, एवढा विचार आपण अवश्य करावा.