कोणाच्या घरी

“म्हणजे यंत्र खोटे बोलते, असे तुझे म्हणणे?” चिद्घनस्वामींनी विचारले.

“होय, महाराज,” सुश्रुत म्हणाला. “प्लगिन सहा वेळा बसवले. सहाही वेळा ‘बसवले’ असेच उत्तर आले. आणि ब्राउझर उघडला, की तो म्हणतो, प्लगिन आढळले नाही.”



मठाच्या ग्रंथालयात एकच संगणक होता, लिनक्सवर चालणारा. त्याच्यासमोर सुश्रुत सकाळपासून बसून होता. दाराशी बाकावर भागीरथीकाकू बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. त्यांच्या यजमानांनी तीस वर्षे या मठात काकड आरती म्हटली. ते गेले. त्यांचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांच्या एका संकेतस्थळावर तेवढा उरला होता, आणि ब्राउझरला जोडायच्या त्या छोट्या पुरवणीखेरीज, म्हणजे प्लगिनखेरीज, तो वाजत नव्हता.

काकू चारच्या एस.टी.ने लेकीकडे निघणार होत्या, कायमच्या. लेकीकडे संगणक नव्हता.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

“सुश्रुता,” काकू म्हणाल्या, “सहा वेळा वाढलंस रे बाबा. पण पानात काही दिसेना.”

सुश्रुताचे कान तापले. शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी मठात आला होता. काल पंगतीत त्याने सर्वांदेखत सांगितले होते, ‘दहा मिनिटांचे काम आहे.’

“काकू, दोष माझा नाही. प्लगिनच जुने आहे.”

“असेल बाई. मीही जुनीच.”

स्वामी त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “सातव्यांदा बसव. मला पाहू दे.”

सुश्रुताने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहिला. उत्तर आले : बसवले.

“कुठे बसवले?”

“घरी, महाराज. ही नागमोडी खूण आहे ना, तिचा अर्थ ‘घर’. प्लगिन घरच्या कप्प्यात ठेवायचे असते.”

“कोणाच्या घरी?”

“जो हुकूम देतो त्याच्या.”

“हुकूम कोण देतो?”

“मी.”

“यंत्र तुला काय म्हणून ओळखते?”

सुश्रुत किंचित सावरून बसला. “रूट म्हणून. रूट म्हणजे यंत्राचा धनी, महाराज. त्याला कोणी अडवू शकत नाही. मी नेहमी रूट होऊनच काम करतो. प्रत्येक गोष्टीला परवानगी कोण मागत बसणार?”

“आणि तो ब्राउझर? तो कोणाचा?”

“तो मठाच्या खात्याचा. येणारेजाणारे वापरतात ते खाते. त्याचे नाव...”

सुश्रुत थांबला.

पडद्याच्या कोपऱ्यात ते नाव लिहिलेले होते. दोन वर्षे तो ते रोज पाहत होता.

“त्याचे नाव ‘सेवक’,” तो म्हणाला.

स्वामींनी खिडकीतून बाहेर पाहिले. अंगणात कोणीतरी वाळत घातलेली धोतरे काढत होते.

“मग यंत्र खोटे बोलले?”

“...नाही, महाराज. त्याने सातही वेळा खरेच बसवले. धन्याच्या घरी.”

“आणि ऐकणारा?”

“सेवकाच्या घरी बसला होता.”

काकूंनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. साडेतीन झाले होते.

सुश्रुताने रूटपणातून बाहेर पडण्याचा शब्द लिहिला. ओळीच्या आरंभी ‘सेवक’ उमटले. मग त्याने तोच हुकूम पुन्हा लिहिला, अक्षर न अक्षर तोच. तीच नागमोडी खूण. ब्राउझर मिटला. उघडला.

आधी नुसती खरखर आली. मग टाळ. मग एक भरड, निश्चयी आवाज, पहाटेचा.

काकूंनी डोळे पुसले नाहीत. त्या आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. एके ठिकाणी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “इथं ते नेहमी चुकायचे.” आवाज तिथेच चुकला. त्या समाधानाने हसल्या.

आरती दोनदा ऐकून त्या उठल्या. सुश्रुताने त्यांची पिशवी घेतली, फाट्यावर एस.टी.त त्यांना बसवून दिले, आणि तो परत आला.

स्वामी त्याच बाकावर डोळे मिटून बसले होते.

सुश्रुताने दंडवत घातला.

“महाराज, मला आज कळले.”

स्वामींनी डोळे उघडले नाहीत.

“कोणाला?”