पास्कूची अळणी पेज

एक होता पास्कू. राजाबिजा नव्हता, बरं का. समुद्राकाठच्या गावात त्याची केळीची वाडी होती. पण प्रार्थना म्हणायचा तर अशी, की झाडावरचे कावळेसुद्धा गप्प व्हायचे! देवावर आपला फार विश्वास आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

एकदा काय झालं, दारात एक म्हातारा आला. म्हणाला, "बाबा, दोन दिवस पोटात काही नाही." पास्कूने लगेच डोळे मिटले, हात जोडले. "देवबापा, ह्याला पोटभर जेवू घाल. आमेन." आणि दार लावून घेतलं. आत चुलीवर पेज रटरटत होती. ए एलिझा, हसू नकोस, पुढे ऐक.

मग थंडीच्या दिवसांत एक बाई आली. कडेवर पोर, पोर कुडकुडतंय. पास्कूने आणखी मोठी प्रार्थना म्हटली. "देवबापा, ह्या लेकराला ऊब दे." पेटीतलं कांबळं पेटीतच राहिलं.

मग शेजारचा सिमाव आजारी पडला. एकटा जीव. त्याने निरोप धाडला, "पास्कू, जरा येऊन बस रे." पास्कू म्हणाला, "कशाला? मी इथूनच प्रार्थना म्हणतो." आणि ओटीवरून एवढ्या मोठ्याने म्हटली, की सिमावची लागलेली झोप उडाली!

त्याची बायको कतरीन कपाळाला हात लावायची. "अहो, देवाला ऐकू येतं. जरा जागचे हलाल का?" पण पास्कू कसला हलतोय!

मग एक दिवस पास्कूलाच ताप भरला. आणि काय सांगू, तापात तो थेट स्वर्गाच्या दाराशी! आत लग्नघरासारखी वाजंत्री चाललेली. दारात प्रभू येशू स्वतः उभा. शेवटचा न्याय करणारा राजा तोच ना! पास्कू ऐटीत पुढे झाला. "प्रभू, माझ्या प्रार्थना पोचल्या ना?"

"पोचल्या की. उत्तरंही लगोलग पाठवली."

"मग त्या लोकांना मिळाली कशी नाहीत?"

"पहिलं तुझ्या चुलीवर ठेवलं होतं. दुसरं तुझ्या पेटीत. आणि तिसरं म्हणजे तुझे दोन पाय."

पास्कूचं तोंड एवढंसं झालं. त्याला रडूच फुटलं. "मग मला आत नाही घेणार? माझा विश्वास आहे रे तुझ्यावर!"

प्रभू हसला. "पास्कू, आत येणं कुणालाच कमावता येत नाही. मीच हात धरून नेतो. पण केळ जिवंत असली की घड धरते ना? तुझा विश्वास जिवंत आहे का, ते बघ. जा घरी."

पास्कूने डोळे उघडले. ताप उतरलेला, कतरीन उशाशी. हा उठला तो तडक चुलीपाशी. जन्मात पहिल्यांदा पेज केली, मीठ घालायचं विसरला, आणि पातेलं घेऊन म्हाताऱ्याला शोधत निघाला. तो देवळापाशी, क्रूसाच्या पायरीवर सापडला. मग कांबळं त्या बाईकडे गेलं. मग सिमावकडे तर रोजचंच बसणं. प्रार्थना सोडली का? छे! म्हणायचा, पण चालता चालता. अशी वर्षंच्या वर्षं मजेत गेली.

मग म्हातारा होऊन पास्कू खरंच गेला. या वेळी दाराशी सगळ्यांच्या मागे उभा राहिला. "प्रभू, दाखवण्यासारखं काही नाही. तुझ्या भरवशावर आलोय."

प्रभूने पुढे येऊन त्याचा हात धरला. "ये रे. पेज गरम होती हं. मीठ तेवढं नव्हतं."

"तुला कधी दिली मी पेज?"

"त्या म्हाताऱ्याला दिलीस ना? ती मलाच दिलीस."

आत तो म्हातारा आणि सिमाव त्याच्यासाठी जागा धरून बसले होते. काय आनंद झाला म्हणून सांगू!

चला, जोडा हात. थांब, नेल्सन का कुडकुडतोय? एलिझा, पांघरूण तूच ओढलंस ना? आधी त्याच्या अंगावर घाल. नीट, पायांवरही. हं. आता म्हण, आमेन.