नाहीचा दगड

मोरपालीच्या चढावर, वडाच्या अंगाला हा जो काळा सपाट दगड दिसतोय, त्याला हात जोडू नका. पाहुणे येतात ते आधी वाकतात, मग फोटो काढतात आणि मग विचारतात, देव कुठला? देव नाही हा. शेंदूर नाही, नारळ नाही, नवस नाही. आमच्याकडे याला नाहीचा दगड म्हणतात. वर दोन खळगे आहेत, ती म्हणे भिवबा चौगुल्याची पावलं. पावलं की पावसाने खाल्लेला दगड, ते तुमचं तुम्ही ठरवा. बसा, पण खालीच बसा. यावर उगाच चढायचं नसतं.

असं सांगतात की तेव्हा गाव खाली नदीला लागून होतं. एकाच आळीत तेरा घरं. नदी दरवर्षी अंगणात यायची आणि परत जायची, पण दहा-बारा वर्षांतून एकदा ती घरात शिरायची. त्यासाठी गावाने एक रीत घातली होती. प्रत्येक घराने अंबाडीचा वीस वावांचा एक दोर वळून ठेवायचा. दोन्ही हात ताणले की एक वाव, असे वीस. पूर आला की तेरा दोर एकमेकांना गाठायचे, एक टोक या वडाला बांधायचं, आणि पोहणाऱ्यांनी दुसरं टोक घेऊन घराघराशी जायचं. त्या दोराला धरून म्हातारंकोतारं, लेकरं, सगळी वर यायची. तेरा दोर झाले की शेवटच्या घराचा उंबरा बरोबर गाठायचा. कमी नाही, जास्त नाही.

मृग लागायच्या आधी चौगुल्याने, म्हणजे पाटलाच्या हाताखालच्या कारभाऱ्याने, दारोदार जाऊन विचारायचं, दोर आहे का? घरधन्याने उंबऱ्यात उभं राहून सांगायचं, आहे. आत जाऊन बघायची पद्धत नव्हती. कुणाच्या घरात शिरून खात्री करणं म्हणजे त्या घराचा अपमान. उंबऱ्यावरचा शब्द तो शब्द.

भिवबा चौगुला हे काम मोठ्या तोऱ्यात करायचा. माणूस वाईट नव्हता, पण आवाज मोठा आणि मान ताठ. त्या वर्षी तो शेवटच्या घरापाशी आला. तिथे तुळसा राहायची. नवरा गेलेला, अंथरुणाला खिळलेली सासू आणि दहा वर्षांची पोर, गोमी. तुळसा उंबऱ्यात आली आणि खरं सांगून मोकळी झाली.

"भाऊजी, दोर आहे, पण अठरा वाव भरतो. दोन कमी पडतायत."

सगळी आळी ऐकत होती. भिवबाला चेव आला. "नवरा गेला म्हणून नदी सवलत देणार आहे व्हय तुळसे? बारा घरांनी मरमर वळायचं आणि तू गावाला बुडवायचं. लाज वाटू दे जरा."

तुळसाने त्याच पावली पदर खोचून अंबाडी काढली आणि दिवस मावळायच्या आत दोन वाव वळून जोडले. आळीतल्या बाकीच्यांनी मात्र एक गोष्ट मनात पक्की केली. आपल्याकडे काही कमी असेल तर या माणसापुढे बोलायचं नाही.

आता खरी गंमत ऐका, गंमत कसली म्हणा. भिवबाच्या स्वतःच्या घरात दोर नव्हता. दिवाळीत त्याने नवी खिल्लारी जोडी आणली, तिला शोभेलसे कासरे आणि दावी हवी म्हणून त्याने तोच दोर तोडला होता. नवा वळू म्हणत उन्हाळा गेला. त्याची बायको जनाई दोनदा म्हणाली, "अवो, अंबाडी भिजवून सोलून ठेवलीय. दोन दुपारी बसलात तर होईल." तो म्हणाला, "बघू गं. मला कोण विचारणार आहे?" आणि ते खरंच होतं. सगळ्यांना विचारणारा तोच. त्याच्या उंबऱ्याशी कुणी येणार नव्हतं.

आश्लेषाचा पाऊस लागला आणि तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी नदी एकदम चढली. रीतीप्रमाणे ज्याने त्याने दोर वर पोचवले. तुळसाने गोमीच्या डोक्यावर दोराचं वेटोळं देऊन तिला सगळ्यांच्या आधी वर धाडलं, आणि आपण सासूपाशी थांबली. म्हातारीला उचलून न्यायला माणसं यायचीच होती. दोर गाठले, पोहणारे उतरले, एकेक घर रिकामं होत गेलं. दुपारपर्यंत बारा घरांची माणसं या वडाखाली होती. तेराव्या घराआधी दोर संपला.

छातीभर पाणी आणि त्याला ओढ अशी की धडधाकट गडी उभा राहीना. दोराशिवाय पुढे जाणं म्हणजे जाणाऱ्याचंही मरण. तुळसा दारात उभी होती, हात पुढे करून. पाटलाने गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "भिवबा, तुझा दोर रे?"

इतकी वर्षं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या क्षणी, असं सांगतात, त्याने 'नाही' म्हटलं असतं तर लोकांनी अंगावरची धोतरं, बायकांची लुगडी, जे मिळेल ते तिथल्या तिथे गाठलं असतं. वेळ होती. पण बायकापोरं बघत होती, आणि तुळसाला चारचौघांत बोलला होता ते सगळ्यांना आठवत असणार, असं त्याला वाटलं. त्याच्या तोंडून निघालं, "आणतो."

भिवबाचं घर आळीत सगळ्यात वरचं, तिथे पाणी जेमतेम गुडघ्याएवढं होतं. तो घरात शिरला आणि मधोमध उभा राहिला. काय शोधायचं? नव्हतंच ते. खुंटीवर कासरे लटकत होते, गोंडे लावलेले. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग कासरे ओढले, दावी सोडली, जनाईची दोन लुगडी, आपलं पागोटं, सगळं एकाला एक गाठत तो बाहेर पळाला. वर येईतो कुणी ओरडत नव्हतं. त्यावरूनच त्याला कळलं.

पाटलाने विचारलं, "उशीर का रे?" भिवबा म्हणाला, "दोर उंदरांनी कुरतडलेला. तुकडे गाठत बसलो."

लोकांनी मानलं. पाटलाने खांद्यावर हात ठेवला, "तुझा काय दोष?" बायका म्हणाल्या, भाऊजींनी जिवाचा आटापिटा केला. खरं काय ते एकट्या जनाईला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिने त्याला जेवायला वाढलं, पाणी दिलं, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिलाही आपलीच लाज वाटत होती, वळून ठेवायला काय तिला हात नव्हते? भिवबा देवळात जाईना, पारावर बसेना. कुणी त्याची कीव केली की त्याला वाटायचं, यापेक्षा चार जोडे मारले असते तर बरं.

नदी उतरली. तुळसाचं आणि तिच्या सासूचं तेरावं या चढावरच झालं. जेवणं उरकली आणि गोमी भिवबासमोर येऊन उभी राहिली. ती पाटलाकडे राहत होती. काखेत नव्या दोराचं वेटोळं होतं.

"काका, तुमचा दोर उंदरांनी खाल्ला ना? आईने पाटलांच्या पडवीत आढ्याला अंबाडी वाळत टांगली होती, ती उरली. मी वळलाय. वीस वाव आहे, मोजून घ्या."

भिवबाने दोर हातात घेतला. पोरीचे तळहात सोलवटलेले होते. तो हात पसरून मोजायला लागला, एक, दोन, तीन. सातव्या वावाला त्याचे हात उचलेनात. तो या दगडावर चढला आणि म्हणाला, "उंदीर नव्हते. माझ्या घरी दोरच नव्हता. मी तुळसाची लाज काढली आणि माझ्याच घरी नव्हता."

एवढंच. मग तो खाली उतरेना. गावाने काय ती शिक्षा द्यावी म्हणून तो तसाच उभा राहिला, पाऊस आला तरी. तीन दिवस उभा होता म्हणे, आणि तेव्हाच ही पावलं उमटली.

शिक्षा द्यायची कुणी? तिसऱ्या दिवशी एक म्हातारा काठी टेकत आला आणि भिवबाशेजारी दगडावर चढला. म्हणाला, "माझा दोर सोळा वाव होता. अंधारात गाठ मारून खपवला. तुझ्या तोंडाला भिऊन सांगितलं नाही." मग आणखी एक चढला, त्याच्या दोराला मधे कीड होती. मग एक बाई, तिच्या घरी वर न्यायला शिधा नव्हता. भिवबाचा दोर असता तरी तुळसाचा उंबरा गाठला गेला नसता, हे त्या दिवशी गावाला कळलं. माना खाली घालून सगळे घरी गेले.

गाव मग वर येऊन वसलं. आजही मृगाच्या आदल्या सकाळी मोरपाली या दगडापाशी जमते. तालुक्याहून माणसं छापील कागद घेऊन येतात, घरात काय काय आहे ते विचारतात, आम्ही खुणा करून देतो. इथे मात्र प्रत्येक घराने दगडावर चढून काय नाही ते सांगायचं. बॅटरीला सेल नाहीत. आईच्या गोळ्या आठ दिवसांच्याच आहेत. कागदपत्रांना प्लास्टिकची पिशवी नाही. कुणी हसायचं नाही, कुणी 'का नाही' म्हणून विचारायचं नाही. दिवस मावळायच्या आत शेजाऱ्याने ते पुरवायचं.

पहिला मान चौगुल्याच्या घराचा. आता त्यांच्याकडे पक्कं घर आहे, नायलॉनचे चार दोर आहेत. तरी त्या घरचा कर्ता दगडावर चढतो आणि सांगतो, "आमच्या घरी दोर नव्हता." मग गोमीच्या वंशातली एक बाई पुढे होते आणि आपल्या हाताने वळलेला वीस वावांचा दोर त्याच्या हातात देते. 'मोजून घ्या' एवढंच म्हणते. तो मोजत नाही. आजवर कुणी मोजला नाही.

दोर घेताना मान वर करायची नाही, असं काही ठरलेलं नाही. पण ती वर होतच नाही.