मिस्त्रीने पुसलेलं कुंकू

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. एका राज्याच्या अगदी कडेला, जिथे राजाचा हुकूमही धापा टाकत पोचायचा, तिथे घाटमाथ्यावर एक गाव होतं. गावाला एकच रस्ता होता आणि गावात एकच गाडी होती, डिझेलवर चालणारी पिकअप. आता तुम्ही विचाराल, राजाच्या काळात पिकअप कुठून आली? बाळांनो, या गोष्टीतला उतार असा आहे की गाडीशिवाय भागणार नाही, म्हणून आली. मोठ्यांनीही फार खोलात जाऊ नये.

ती गाडी एक तरुण बाई चालवायची. शिकलेली होती, हाताने स्थिर होती, पण मनाने घाबरट. तिला एक लहान मुलगी होती, आणि मुलगी झाल्यापासून जगातली प्रत्येक वस्तू तिला पडणारी, सांडणारी किंवा घशात अडकणारी दिसू लागली होती. गाडी काढण्याआधी ती चाकं बघे, आणि आपण ती खरंच बघितली का, या शंकेने पुन्हा खाली उतरे. गाव हसायचं. एक म्हातारी तर तोंडावर विचारायची, "सूनबाई, गाडी चालवतेस का तिची दृष्ट काढतेस?" बाईही हसायची. तिचा स्वतःचाच स्वतःवर भरवसा नव्हता, मग गावाला कशाला बोल लावायचा?

त्याच गावात एक मिस्त्री होता. गाडी त्याच्या अंगणात कण्हत यायची आणि गुणगुणत जायची. त्याची एक रीत होती. काम संपलं की तो हात धुवायचा, बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढायचा, आणि मग गाडी फेरी मारून परत येईपर्यंत तिला पाना लावायचा नाही. कुंकू लावलेलं बॉनेट मध्येच उघडणं अशुभ, असं गाव मानायचं. मिस्त्रीलाही ते आवडायचं. कुंकू लावलं की विषय संपला, असं तो सांगे, आणि आजवर विषय खरोखरच संपत आला होता.

एका वर्षी राज्यात लहान मुलांना गाठणारा ताप आला. राजाने आपला वैद्य औषधाचे थेंब देऊन मुलखात धाडला. घाटाखालच्या नदीकाठी तो एकच दिवस थांबणार होता आणि सूर्य मावळताना नावेत बसून पलीकडे जाणार होता. डोंगरावरच्या मुलांना तेवढीच संधी होती.

आणि नेमका आदल्या दिवशी गाडीचा ब्रेक जड झाला.

डिझेलच्या गाडीत एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. तो हवा ओढून घेतो, आणि त्या ओढीच्या जोरावर ब्रेकचं पेडल पायाखाली सहज दबतं. पंप गळू लागला की बाहेर तेल टपकतं, आत हवा शिरते, आणि पेडल पायाला दाद देईनासं होतं. मिस्त्रीने पंप सोडवला, झाकणाखालची झिजलेली रबरी रिंग काढली, नवी घातली आणि सकाळी सगळं जागच्या जागी बसवलं. तोवर अंगणात आया मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. झालं का, झालं का, असं दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारत होतं. शेवटी मिस्त्रीने हात धुतले आणि कुंकवाचं बोट ओढलं.

सगळे गाडीच्या मागच्या हौद्यात चढले. नातवाला घेऊन ती म्हातारीही चढली. बाईने मुलीला शेजारच्या सीटवर नीट बांधलं आणि नेहमीसारखा ब्रेक तपासला. इंजिन बंद असताना तिने पेडल दाबत दाबत दगडासारखं केलं, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं. पेडल अलगद खाली गेलं. म्हणजे पंप ओढत होता. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, पेडल पुन्हा लागोपाठ दाबून पाहिलं. ते हळूहळू ताठ होत गेलं.

पाय तिचाच होता, म्हणून तिने आधी पायावर संशय घेतला. चप्पल काढून दाबलं. तेच. मग मनावर संशय घेतला. आपल्याला काय, सपाट रस्त्यावरही दरी दिसते. मागून हाका येऊ लागल्या होत्या, ऊन चढत होतं. आणि खाली घाट होता, जिथे वळणावळणाला ब्रेक लागोपाठच दाबावा लागतो.

ती खाली उतरली. मागे कुणीतरी म्हणालं, झालं हिचं सुरू. कुणी म्हणालं, हिला आधी खाली न्या, वैद्याला हिलाच दाखवा. बाईचे कान तापले. ती मिस्त्रीजवळ गेली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मिस्त्रीकाका, माझंच चुकत असेल. पण लागोपाठ दाबलं की पेडल ताठ होतंय. तुम्ही एकदा बसून बघाल?"

मिस्त्रीच्या कपाळावर आठी पडली. काही नाही, जा बिनघोर, एवढंच तो म्हणाला असता तर सगळ्या गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला असता. बाईनेही ठेवला असता, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

मिस्त्री गाडीत बसला. बराच वेळ पेडल दाबत राहिला. मग उतरला, समोर आला आणि बाहीने बॉनेटवरचं कुंकू पुसून टाकलं.

बायकांच्या तोंडून आवाज निघाला. असं मध्येच पुसू नये, लेकरं बसलीत गाडीत, असं कुणी कळवळून म्हणालं.

"कुंकू मीच लावलं आणि रिंगही मीच बसवली," मिस्त्री म्हणाला. "दोन्हीतलं एक चुकलंय, आणि ते कुंकू नाही."

इंजिन तापलेलं होतं. बोटं भाजत त्याने पंप पुन्हा सोडवला. झाकण काढलं तेव्हा नव्या रिंगला एका जागी चीर पडलेली दिसली. बसवण्याआधी रिंगला तेलाचं बोट फिरवावं लागतं. घाईत त्याने ती कोरडीच दाबली होती. ही गोष्ट तो मनात ठेवू शकला असता. त्याऐवजी त्याने ती रिंग आयांच्या हातात दिली आणि स्वतःच सांगितलं की हे माझ्या हातून झालं. रिंग हौद्यात या हातातून त्या हातात फिरली. कुणी हसलं नाही.

इकडे बाईच्या जिवाची वेगळीच तगमग सुरू झाली. आता वैद्य निघून गेला तर? ताप आला तर गाव कुणाचं नाव घेईल? ती अंगणात येरझारा घालू लागली. म्हातारीने हौद्यातून उतरून तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. "उभं राहून पंप लवकर बसत नाही, बये," ती म्हणाली, आणि आपल्या पिशवीतलं पाणी तिला प्यायला दिलं.

मिस्त्रीकडे अजून एक नवी रिंग होती. या वेळी त्याने ती तेलात भिजवली, बोटाने सगळीकडून चाचपली, मगच झाकण आवळलं. ऊन कलायला लागलं होतं. त्याने बाईला बोलावलं.

"आता तू बस, पोरी. मी म्हणतो म्हणून नको. तुला पटलं तरच गाडी काढ."

बाईने दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. पेडल दर वेळी तेवढंच मऊ राहिलं. तिने मान डोलावली. तेव्हा मिस्त्री हौद्यात चढला आणि मुलांच्या मधोमध जाऊन बसला.

घाट उतरताना तिने ब्रेकवर किती वेळा पाय दिला असेल, देव जाणे. सगळ्यात अवघड वळण घेतलं आणि पुढ्यात म्हशींचा कळप रस्त्यातच बसलेला. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. तिने पेडल दाबलं. गाडी थांबली, इतकी जवळ की पहिल्या म्हशीने उठायचीही तसदी न घेता बॉनेट हुंगलं. मुलं खदाखदा हसली. बाईने आरशात पाहिलं, तर मिस्त्री डोळे मिटून बसला होता.

नदीकाठी पोचले तेव्हा वैद्याचा एक पाय नावेत होता. म्हातारीने हौद्यातूनच अशी हाक मारली की नावाड्याने घाबरून दोर पुन्हा बांधला. वैद्य कुरकुरला, उतरला, आणि त्याने एकेका मुलाला थेंब पाजले. मुलांनी तोंडं वाकडी केली. त्या हिवाळ्यात ताप घाटमाथ्यावर चढला आणि एकाही लेकराला न शिवता परत गेला.

मिस्त्रीला वाटत होतं, आपलं नाव गेलं. झालं उलटंच. खालच्या गावांतूनही गाड्या घाट चढून त्याच्या अंगणात येऊ लागल्या. आमच्या गावात मिस्त्री नाहीत असं नाही, लोक सांगत, पण या गाडीत आमची पोरं बसतात.

लहानांनी आणि मोठ्यांनीही एवढं मनाशी धरावं: आपलं काम चुकलं हे कळताच जो ते चारचौघांत पुन्हा उघडतो, त्याच्याच हाती आपलं लेकरू निर्धास्त सोपवावं.