नावेला नाव ठेवणारी बाई

एका खाडीकाठी एक गाव होतं आणि त्या अख्ख्या गावाला होड्यांचं वेड होतं. कामं आटोपली की सगळे धक्क्यावर जमत आणि लेकीसुनांचं करावं तसं एकमेकांच्या होड्यांचं कौतुक करत. गावाची एक रीत होती: नावेला नाव ठेवायचं नाही. नाव म्हणजे लक्ष्मी. दोष काढला की रुसते म्हणे.

एकदा घाटावरून एक जोडपं तिथं आलं. बाईच्या कडेवर तान्हं पोर. पलीकडच्या बेटावर त्यांना नारळाच्या बागेची राखण मिळाली होती. रोज जायला-यायला जुनी होडी हवी होती. विहिरीहून मोठं पाणी दोघांनी कधी पाहिलं नव्हतं.

गाव हरखलं. कुणी शहाळं फोडलं, कुणी पोराला शंख दिला. एका होडीवाल्यानं वाळूवर ओढलेली आपली जुनी होडी दाखवली. वरून ताजा निळा रंग.

"कशी आहे हो?" नवऱ्यानं विचारलं.

"देखणी!" एक जण म्हणाला.

"फुलासारखी हलकी," दुसरा म्हणाला.

"आता आमच्यातलेच झालात!" तिसऱ्यानं पाठ थोपटली.

खोटं कुणीच बोललं नाही. तळाचं लाकूड कुजलंय हेही सगळ्यांना ठाऊक होतं, तेवढं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही.

बाईला रंगाखालून कुबट वास आला. विचारावं का? 'मला मेलीला वाटीभर पाण्यातही बुडणंच दिसतं,' तिनं स्वतःला दटावलं. 'एवढी जाणती माणसं हसतायत आणि मी शंका काढू?' ती गप्प राहिली.

नवरा कौतुकानं पोराला होडीत ठेवणार, तोच मागून आरोळी आली, "ए मुडद्या, थांब!"

सोनबाय तरातरा येत होती. होडी वल्हवण्यात गावात तिचा हात धरणारा कुणी नव्हता आणि भांडण्यातही नव्हता.

"गोडबोल्यांनो, आज शहाळी पाजताय, उद्या या पोराला खांदा द्यायलाही तुम्हीच येणार का रे?"

"सोनबाय, नावेला नाव ठेवू नये," होडीवाला कुरकुरला. "पाहुण्यांसमोर तमाशा कशाला?"

"ठेवते! शंभरदा ठेवते! लक्ष्मी रुसली तर मी काढीन तिची समजूत. या पोराची आई रडली तर तिची कोण काढणार?"

बाई दुखावली. "अहो, शुभ कामात असं अभद्र काय बोलता?"

"तू गप! नाही, तूच बोल. मघापासून लांबून बघत्येय, नाक मुरडत्येस. मग विचारलं का नाहीस?"

"मला काय कळतंय होडीतलं?"

"वास तर कळला ना? मग!" सोनबायनं जवळचा हंडा उचलला. "हिच्यात पाणी ओता. बाहेरचं आत येतं का हे बघायला खाडीत जायचं आणि बुडायचं? आतलं बाहेर येतं का ते इथंच कळतं."

कुणी हललं नाही. रीत मोडायची कुणी? क्षणभर बाईही घुटमळली. मग तिनं पदर खोचला आणि सोनबायच्या हातातून हंडा घेतला.

हंड्यामागून हंडे पडले. निळा रंग फुगला, फाटला आणि तळातून कुजक्या भुशासकट धारा लागल्या.

"बघा!" सोनबायचा आवाज चिरकला. "म्हणे होड्यांवर माया! अन् होडीत बसणाऱ्यावर?"

'देखणी' म्हणणारा मान खाली घालून खाकरला. "माझी एक होडी आहे. पण... तिची एक फळी सैल आहे."

"आणि वल्हं तडकलंय," दुसरा हळूच म्हणाला.

"डाव्या अंगाला कलतेही जरा," तिसरा म्हणाला.

सगळे दचकून सोनबायकडे बघू लागले. ती खेकसली, "बघता काय? हातोडा आणा!"

फळी ठोकली, वल्हं बदललं, कल काढला. होडी पाण्यानं भरली, तेव्हा थेंब गळला नाही. घाटावरच्या बाईनं तरीही खाली वाकून तळावरून हात फिरवला, आणि तिला कुणी हसलं नाही.

तात्पर्य सांगायचं तर, परक्याला गोड बोलून पाण्यात जाऊ देणाऱ्यापेक्षा भांडून काठावर अडवणाराच खरा मायाळू.