डावं चाक

"अजून जोर लावू का, बुवा?"

विश्रामने हातोडा डोक्याच्या वर नेला होता. अच्युतबुवा खांद्यावर घोंगडी घेऊन चाकाकडे बघत होते.

हातोडा खाली आला. चाक हललं नाही. त्याच्या लोखंडी कडेला एक पोचा पडला.

मठाच्या पडवीत बर्फ उडवायचं यंत्र एका कुशीवर कलतं करून ठेवलं होतं. तोंडाशी बर्फ आत ओढणारं पातं, वर तो लांब फेकणारी नळी, मागे धरायला दोन मुठी आणि खाली दोन चाकं. सकाळी फाटकापाशीच डाव्या चाकाचं टायर फाटलं. तेव्हापासून यंत्र पुढे जायचं सोडून स्वतःभोवतीच गोल फिरायला लागलं होतं.

नवं चाक होतं. भिंतीवरच्या खिळ्याला, कागदात गुंडाळून टांगलेलं. जुनं काढायचं आणि ते बसवायचं, एवढंच काम. चाक दांड्यावर अडकवणारी पिन तर लगेच निघाली.

चाक निघत नव्हतं.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला... मग थांबला.

दोघांनीही मान वळवली. पुन्हा खोकला ऐकू आला, तेव्हा विश्रामने श्वास सोडला.

आत हौसामावशी होती. हिमालयातल्या या मठाचा स्वयंपाक तिच्याकडे असे. उन्हाळ्यात महाराष्ट्रातून यात्रेकरू वर येत, त्यांना ती पिठलं-भात वाढायची आणि कोण कुठल्या गावचं ते लक्षात ठेवायची. थंडीत सगळे खाली उतरत. वर राहत ती चौघंच. बुवा, त्यांचा शिष्य विश्राम, मावशी आणि मठातली सगळी वरकामं बघणारी गौतमी.

दोन दिवसांपासून मावशीची छाती भरली होती. ओठ निळे पडले होते. आज दवाखान्यात पोचली तर वाचेल, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. गाडी खाली डांबरी रस्त्यावर येऊन उभी होती. मधली सगळी पायवाट छातीइतक्या बर्फाखाली होती. गाडीबरोबर आलेली माणसं खालून फावड्यांनी वाट काढत होती, पण त्यांना आजचा दिवस पुरला नसता. यंत्राला तीच वाट दुपारपर्यंत मोकळी करता आली असती.

"हातोडा दे," बुवा म्हणाले.

विश्रामने दिला. बुवांनी तो पोत्यावर ठेवला आणि ते त्या हातोड्यावरच बसले.

"बुवा, ही काय वेळ आहे का..."

"चाकाला पोचा पडलाय. जरा थांब."

बुवांनी भिंतीतला एक सैल खिळा उपटला. चाक जिथे दांड्यावर बसतं, त्या फटीत त्यांनी तो घातला आणि खरवडलं. लाल भुगा तळहातावर पडला.

"हे काय?"

"कुंकू आहे," विश्राम म्हणाला. "खंडेनवमीचं. दर वर्षी मी स्वतः यंत्राला आंघोळ घालतो. आधी दूध, मग पाणी. चाकांवर जास्त घालतो, कारण भार त्यांच्यावर असतो."

"मी बघतो घालताना."

बुवांनी खिळा आणखी आत नेला. आणखी भुगा पडला. तोही लालच होता.

"आणि हे?"

विश्रामने बोटाने चोळून बघितलं. "हा... गंज."

"कुंकू कुठे संपलं?"

विश्रामने भुगा पुन्हा चोळला; दोन्ही सारखेच लाल होते.

स्वयंपाकघरातून गौतमी किटली घेऊन आली. चुलीवर बर्फ वितळवून तिने पाणी उकळलं होतं. मावशीच्या छातीवर ती त्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. जाता जाता तिने यंत्राकडे बघितलं.

"निघालं का?"

"निघेल," विश्राम म्हणाला.

"मघाशीही निघेलच म्हणाला होतास."

"तू आत जा, गौतमी."

ती गेली नाही. किटली निवू नये म्हणून शालीत धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

बुवांनी विचारलं, "विश्राम, यंत्र आलं त्या वर्षी मी तुला काय सांगितलं होतं?"

विश्रामची पाठ आपोआप ताठ झाली. हे त्याला तोंडपाठ होतं.

"हंगाम सरला की चाक उतरव. आतला दांडा पुसून घे. त्याला ग्रीस लाव. मगच चाक पुन्हा चढव."

"दर वर्षी सांगितलं ना?"

"दर वर्षी."

"मग तू काय केलंस?"

"चिंतन केलं, बुवा."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरला आणि अंगणात पडला.

"कसलं?"

"चाक म्हणजे हा संसार. फिरतो, फिरतो, आणि आपल्याला वाटतं आपण कुठेतरी पोचतोय. तो उतरवून ठेवला की आतला दांडा दिसतो. तो मात्र..." विश्रामचा आवाज उतरला. "मला वाटलं, तुम्ही मला खूण देताय. बाकी कुणाला नाही, मलाच सांगत होतात."

"यंत्र तुझ्याकडे होतं म्हणून तुला सांगत होतो."

गौतमी म्हणाली, "प्रवचनसुद्धा केलं होतं यावर. जळगावच्या बायका रडल्या. तेव्हापासून तर सगळे लहान बुवा म्हणतात त्याला."

"गौतमी," विश्राम म्हणाला.

"खोटं बोलते का मी, विश्रामदादा?"

विश्राम बुवांकडे वळला. "प्रवचनाला तुम्हीही होतात. मागे बसला होतात. काही चुकलं असतं तर तुम्ही बोलला असतात. तुम्ही तर मान डोलावत होतात."

"डुलकी लागली होती मला."

गौतमीला हसू आलं. ते तिने पदरात दाबलं. तेवढ्यात आत खोकला सुरू झाला आणि तिचं हसू गेलं.

"जागा झालो तेव्हा लोक तुझ्या पाया पडत होते," बुवा म्हणाले. "मग बोललो नाही."

"का?"

बुवांनी हातातला भुगा झटकला. "मलाही बरं वाटलं. माझा शिष्य चांगला बोलतो म्हणून."



मग बुवा उठले. हातोडा तिथेच पोत्यावर राहिला. ते म्हणाले, "रॉकेल आण. त्यात थोडं इंजिनचं तेल घाल. फटीत दोन्ही बाजूंनी सोड. दांड्याचं जे टोक बाहेर दिसतंय, ते काचपेपरने घास. आतल्या बाजूचा दांडासुद्धा. चकाकेपर्यंत."

विश्रामने तसं केलं. घासताना त्याची बोटं सोलली. थंडीत रक्त लगेच आलं नाही.

"आता?"

"आता थांबायचं. तेल आत जाऊ दे."

"थांबायला वेळ आहे का आपल्याकडे?"

"हातोड्याला होता."

विश्राम गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ हलायला लागले. तो नाम घेत होता.

"ते नंतर," बुवा म्हणाले. "फट सुकतेय. तेल सोड."

त्याने तेल सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं खाली ठिबकलं. फावड्यांचा आवाज खालून येतोय का, म्हणून त्याने कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं. बर्फात आवाज चढत नाही.

"बुवा, तापवलं तर? बाहेरचं लोखंड तापलं तर फुगेल, सैल होईल."

"बरोबर आहे. पण आता विस्तव लावू नकोस, रॉकेल आहे. गरम पाणी लागेल."

दोघांनी गौतमीच्या हातातल्या किटलीकडे बघितलं. चुलीशी उरलेली लाकडं ओली होती. एक किटली उकळायला अर्धी सकाळ गेली होती.

गौतमीने किटली छातीशी धरली. "हे मावशीचं आहे."



ती आत गेली. आतून कुजबुज ऐकू आली. मध्ये मध्ये मावशीला थांबावं लागत होतं... मग गौतमी परत आली आणि तिने किटली विश्रामपुढे ठेवली.

"मावशी म्हणाली, चाक शेका. माझी छाती शेकून काही ती सुटत नाही." तिने डोळे पुसले. "आणि म्हणाली, लहान बुवाला म्हणावं, सांडू नकोस."

विश्रामने पोत्याचा तुकडा चाकाच्या मधल्या भागाभोवती गुंडाळला आणि त्यावर धार धरली. एक थेंबही सांडू नये म्हणून तो श्वास रोखून होता. वाफ त्याच्या तोंडावर आली.

किटली रिकामी झाली. त्याने पोतं बाजूला केलं, दोन्ही हातांनी चाक धरलं, पाय यंत्राला टेकवला आणि मागे ओढलं.

चाक जागचं हललं नाही.

पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा वर आल्या. त्याच्या तोंडातून हुंदक्यासारखा आवाज निघाला.

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग वाकून, दोन्ही तळहात चाकावर सपाट टेकवून, त्यांनी ते यंत्राच्या बाजूला दाबलं.

"आत ढकल."

"बुवा, बाहेर काढायचंय ते."

"आत."

"आत गेलं तर आणखी अडकेल."

"विश्राम, हा दृष्टांत नाही. आत बोटभर जागा आहे. तिथला दांडा तू आत्ता घासलायस. ढकल."

विश्रामने लाकडाचा ठोकळा चाकाच्या मध्यावर धरला. पोत्यावरून हातोडा घेतला. या वेळी डोक्याच्या वर नेला नाही. हलकेच मारला. मग ठोकळा थोडा सरकवून पुन्हा मारला. पुन्हा सरकवला.

कट्.

फार लहान आवाज होता. चाक केसभर आत गेलं होतं. फटीतून लाल पाणी बाहेर आलं.

"आता बाहेर," बुवा म्हणाले. "थोडंसंच. मग परत आत. तेल सोडत राहा."

आत, बाहेर. आत, बाहेर. दर वेळी चाक थोडं जास्त सरकत होतं आणि दर वेळी लाल पाणी येत होतं. विश्राम आता काही विचारत नव्हता. एका लयीत त्याचे हात चालत होते. बाहेर ऊन पडलं होतं आणि अंगणातला बर्फ डोळ्यांना टोचत होता.

चाक सुटलं.

ते एकदम त्याच्या मांडीत आलं आणि तो मागे पडला. क्षणभर तो तसाच पडून राहिला, चाक पोटाशी धरून. त्याच्या तोंडावर लहान मुलासारखं हसू होतं.

"निघालं. बुवा, निघालं."

तो धडपडत उठला. नवं चाक काढायला भिंतीकडे धावला. कागद फाडला.

"फक्त बसवायचं, पिन टाकायची. यंत्र लगेच सुरू होईल. गौतमी, मावशीला घोंगड्यांत गुंडाळ. तिला सांग..."

गौतमी दारात उभी होती. ती कधी आत गेली आणि कधी परत आली, ते कुणाला कळलं नव्हतं.

"विश्रामदादा," ती म्हणाली. "आता घाई करू नकोस."

विश्राम तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कान दिला.

आत खोकला नव्हता.

त्याने कान देऊन वाट बघितली... आणखी वाट बघितली...

बुवा भिंतीला धरत आत गेले. बराच वेळ आतच होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावरची घोंगडी नव्हती.

विश्राम दांड्यासमोर बसला होता. जुनं चाक जिथून निघालं तिथे दांडा खरबरीत आणि लाल होता, त्यावर खड्डे पडले होते. घासलेला भाग तेवढा चकाकत होता.

"मी मारलं तिला," तो म्हणाला.

बुवा त्याच्याजवळ बसले.

"तुम्ही नाही म्हणा ना, बुवा."

बुवा नाही म्हणाले नाहीत.

"ती मला सांडू नकोस म्हणाली होती. मी सांडलं नाही."

"बघितलं मी."

"मग..." त्याने बुवांचे पाय धरले. त्याच्या हातांचं तेल आणि गंज बुवांच्या पायांना लागला.

"मी मठ सोडून जातो. तुम्ही सांगाल तिथे जातो. नाहीतर इथेच राहतो, पण पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. काय कराल ते करा. मला शिक्षा द्या, बुवा."

बुवांनी आपले पाय सोडवून घेतले. यंत्राच्या मुठी धरून त्यांनी ते दुसऱ्या कुशीवर कलतं केलं. म्हाताऱ्या हातांना ते जड जात होतं, आणि विश्राम मदतीला उठला नाही. यंत्र कलंडलं. बुवांनी हातोडा आणि लाकडाचा ठोकळा त्याच्यापुढे ठेवला.

"उजवं चाक काढ."