उंबराची वाटणी

फार मागची गोष्ट आहे. ओढ्याकाठच्या एका उंबरासाठी वानरांच्या दोन टोळ्या भांडायच्या. शेवटी दोन्हीकडचे हुप्पे तहाला बसले आणि त्यांनी झाडाच्या फांद्या वाटून घेतल्या. दुसऱ्याच दिवशी भुरी वानरीचं पिल्लू खेळत खेळत पलीकडच्यांच्या फांदीवर गेलं, अन् चावा खाऊन आलं.

हुप्पे पुन्हा बसले, तशी भुरी पिल्लाला पोटाशी धरून मधे आली.

"बाई, हे लढाईचं बोलणं आहे," एक हुप्प्या म्हणाला.

"म्हणून तर आले. लढता तुम्ही, चावे आमच्या लेकरांना. लेकराला फांदी कळते का, दादा? ऊन कळतं. सकाळी त्यांनी खावं, उन्हं कलल्यावर आपण."

थोरल्या हुप्प्यानं डोकं खाजवलं, जरा सरकून तिला जागा केली आणि पलीकडच्यांना म्हणाला, "तुमच्याही बायांना बोलवा. मग ठरवू."